शेवटचा काळा चिमटा

सदा, रेडिओ मी लावला होता.

तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण लालबागच्या आपल्या चाळीत आणि मंडळात तू आणि मी सोडून तिसऱ्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. म्हणून आधी तेवढं लिहून टाकलं. मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असं मला सांगितलंय. 'चार शब्द' म्हणजे मंडळवाल्यांना वाटतं मी तुला मनमिळाऊ, हसतमुख, अडल्यानडल्याला धावणारा वगैरे लिहीन. हसतमुख! सकाळी आठच्या आधी तुझ्याशी बोलायची हिंमत चाळीतल्या मांजरालासुद्धा नव्हती.

तर रेडिओ. चौदा वर्षांपूर्वी मी छप्पन्न वर्षांची होते आणि मंडळाच्या रुग्णवाहिकेची चावी पहिल्यांदाच एका बाईकडे, म्हणजे माझ्याकडे, आली होती. त्याआधी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले होते, त्याचा तोरा वेगळाच. पदर खोचून, चावी बोटात फिरवत मी गॅलरीतून चालायची. आज ती कुमुद मला समोर भेटली तर मी जिना बदलीन.

रुग्णवाहिका चाळीच्या तोंडाशी उभी असायची आणि दुपारच्या वेळी सबंध चाळीत तेवढीच एक शांत खोली होती. खिडक्यांच्या काचा वर, पुढच्या सीटवरच्या छताला लावलेला छोटा पंखा चालू, रेडिओ हळू आवाजात, चपला काढून पाय वर. तू दारावर पाटी लावली होतीस, 'रुग्णाशिवाय कोणीही गाडीत बसू नये.' मी तुला म्हटलं होतं, माझी कंबर दुखते, मीही रुग्णच. तू म्हणालास, "वयनी, कंबर दुखणाऱ्यांनी पाय डॅशबोर्डवर ठेवायचे नसतात."

मी काही तुझ्या नात्यातली नाही. ह्यांच्यासोबत तू भजनाला बसायचास म्हणून मी तुझी वयनी झाले. हे गेल्यावरही तू ते सोडलं नाहीस. माझ्या ठाकूरद्वारी बोलण्याची तू नक्कल करायचास आणि मी तुझ्या मालवणीची. माझी तुझ्याइतकी कधी जमली नाही.

त्या दुपारी मला डुलकी लागली. उठले ती घाईत, नळाला पाणी यायची वेळ झाली होती. रेडिओ बंद केला आणि वर गेले. चावी मात्र पूर्ण फिरवून काढली नाही, ती अर्ध्यावर तशीच राहिली. छतातला पंखा रिकाम्या गाडीत रात्रभर कुणाला वारा घालत बसला कोण जाणे.

सकाळी साडेसहाला दूध आणायला खाली आले तेव्हा मला तो पंखा दिसला. फिरत नव्हता, थकून थांबला होता. आत शिरून चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक् टक्. पुढची बॅटरी पार उतरली होती.

आपला शिरस्ता तुला ठाऊकच आहे. ड्रायव्हर तू, म्हणून रोज सकाळी आठला माझ्याकडून चावी घेऊन तू गाडी चालू करायचास, पाच मिनिटं इंजिन फिरू द्यायचास आणि सायरनचा एक लहानसा हुंकार द्यायचास. तो ऐकला की चाळीला कळायचं, गाडी तयार आहे. तो हुंकार आला नसता तर आठ वाजून एक मिनिटानं सगळी चाळ खाली उतरली असती. आणि 'चावी कुणाकडे होती?' हा पहिला प्रश्न झाला असता.

माझ्याकडे दीड तास होता. तुला बोलावलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. तळमजल्यावरची तिसरी खोली. पण तुला बोलवायचं म्हणजे रेडिओचं सांगायचं. छप्पन्न वर्षांची बाई, नोकरीत तीस वर्षं साहेबांच्या चुका निस्तरलेली, आणि तिला भीती कसली, तर सदा ओरडेल याची!

त्या वेळी माझ्या डोक्यात एक अफाट कल्पना आली. आपल्या गाडीत दोन बॅटऱ्या होत्या. पुढची, ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, इंजिन चालू करायची. मागची, नर्सच्या बाकाखाली पत्र्याच्या बंद पेटीत. पेशंटच्या बाजूचे दिवे, तिकडचा वेगळा पंखा, छातीतला कफ ओढायचं मशीन, हे सगळं त्या मागच्या बॅटरीवर. पुढची उतरली तरी मागची भरलेलीच राहणार, आणि मागचे दिवे जळत राहिले तरी पुढची शाबूत राहणार, अशी ती सोय. तू समितीला समजावलं होतंस, "एका घरात दोन चुली. एकीचा गॅस संपला तर दुसरीवर भात होतो." मी ते चांगलं लक्षात ठेवलं होतं. एक चूल विझली, दुसरी पेटलेली आहे, मग शेजाऱ्याकडे कशाला जा? मधल्या खिडकीतून लाल-काळ्या चिमट्यांची केबल सरकवायची, पुढची मागचीला जोडायची, गाडी चालू, केबल गुंडाळून पेटीत, आणि मी दूध घेऊन वर. कुणाला पत्ता नाही.

मागची बॅटरी रात्रभर मंडळाच्या खोलीतल्या चार्जरवर लावलेली होती, हे मला दिसत होतं. वायर माझ्या पायात आली होती. मी ती ओलांडून गेले. मला वाटलं, बरंच झालं, पोटभर जेवलेली आहे.

लाल चिमटा पुढच्या बॅटरीच्या प्लसला. लाल चिमटा मागच्या प्लसला. काळा पुढच्या मायनसला. राहिला शेवटचा काळा. मागच्या पेटीचं झाकण मी जेमतेम हात जाईल इतकंच उचललं होतं, आणि त्या फटीतून चिमटा आत नेत होते.

तेव्हा तू आलास. तोंडात ब्रश, खांद्यावर पंचा. मागच्या उघड्या दारातून तुला मी दिसले, चार्जरची वायर दिसली, माझ्या हातातला चिमटा दिसला. तू फेसाळ तोंडानं ओरडलास, "वयनी! हात लावू नको गो!"

आणि मी घाबरून घाईनं हात लावला.

तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. बंद खोलीत कुणी पत्र्यावर घण मारावा तसा. झाकण उडालं, पेटी फाटली, बॅटरीतलं अॅसिड उसळलं. पण मला काही झालं नाही, कारण तोवर तू आत उडी घेऊन मला खांद्यानं मागे लोटलं होतंस आणि जिथे माझं तोंड होतं तिथे तुझं तोंड आलं होतं.

तू डोळे मिटून गुडघ्यावर बसलास. आणि पहिली गोष्ट काय केलीस, तर चाचपडत माझा हात शोधलास आणि माझ्या मुठीतून तो काळा चिमटा काढून घेतलास. मला वाटलं, आणखी ठिणगी पडू नये म्हणून. तेही असेलच. पण माणसं धावत आली तेव्हा केबल तुझ्या हातात होती आणि मी नुसती बाजूला उभी होते, दुधाची रिकामी पिशवी घेऊन.

"पाणी," तू म्हणालास, "पाणी ओत, थांबू नको." नळाला पाणी होतं, हे आपलं नशीब. वीस मिनिटं आम्ही तुझ्या डोळ्यांवर पाणी ओतत होतो. तुझी प्रमिला एका हातानं तुझं डोकं धरून होती आणि दुसऱ्या हातानं तुझ्या पाठीवर मारत होती, इतकी ती चिडली होती. मग टॅक्सी बोलावली. रुग्णवाहिका दारात उभी, आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर टॅक्सीनं इस्पितळात.

टॅक्सीत प्रमिला पुढे बसली होती. मागे तू आणि मी. डोळ्यांवर ओला पंचा धरून तू माझ्या कानाशी पुटपुटलास. नेहमी रागावलास की मालवणीत बोलायचास, त्या दिवशी शुद्ध मराठीत बोललास, म्हणून मला जास्त भीती वाटली. "माझ्या हातून झालं. रात्री पंखा मी चालू ठेवला, सकाळी चिमटा मी लावला. समजलं?"

मी म्हटलं, "सदा, अरे..."

"समजलं का ते सांग."

कारण तू चार दिवसांनी सांगितलंस, एका डोळ्याला पट्टी असताना. "अण्णा काय म्हणालेले आठवतं?" अण्णा, आपले अध्यक्ष. मला चावी देताना म्हणाले होते, "बघू, बाईच्या हातात किती दिवस टिकते." तू म्हणालास, "माझ्या हातून झालं तर म्हणतील, सदाची चूक. तुझ्या हातून झालं तर म्हणतील, बायकांची चूक. पुढली पन्नास वर्षं चावी कुठच्या बाईला मिळायची नाही. मग? गप बस."

मी गप्प बसले. आज सगळ्यांसमोर सांगते, मी तुझं ऐकलं ते फक्त बायकांच्या भल्यासाठी नव्हे. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तू मला कारण दिलंस आणि मी ते साडीच्या पदरासारखं अंगभर लपेटून घेतलं.

उजवा डोळा वाचला. डाव्यानं तुला पुढे फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. लायसनच्या वेळी डोळ्यांची तपासणी झाली आणि तुझं रुग्णवाहिका चालवणं थांबलं. तू चिंचपोकळीच्या तुझ्या गॅरेजात परत गेलास, दिवसभर लोकांच्या गाड्यांच्या वायरी जोडत बसलास. कुणी विचारलं तर म्हणायचास, आराम झाला. पण आठचा हुंकार दुसरा ड्रायव्हर द्यायला लागला तेव्हा तू रोज बरोबर त्याच वेळी कपडे वाळत घालायला बाहेर येऊन उभा राहायचास. तुमच्या घरी कपडे प्रमिला वाळत घालते हे सगळ्या चाळीला माहीत होतं.

आणि चहा. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. किटलीतून चहा ओतलास की दोन घोट बशीच्याही बाहेर. प्रमिला म्हणायची, "दुसऱ्यांच्या गाड्यांतली बारीक वायर दिसते, स्वतःचा कप दिसत नाही. बेफिकीर माणूस! एवढा उस्ताद, आणि स्वतःच्या हातानं डोळा घालवून बसला." मी समोर बसलेली असायची. तू हसून बशी पुसायचास. मी तो चहा प्यायले आहे, सदा. चौदा वर्षं प्यायले. प्रमिलाचं हे बोलणं इथे लिहिताना मला संकोच होतोय, पण तिला विचारून लिहितेय. ते पुढे येईलच.

पट्टी सुटल्यावर तू पहिलं काम काय केलंस, तर मला शिकवायला घेतलंस. मी म्हटलं, मी आता जन्मात केबलला हात लावणार नाही. तू म्हणालास, "मग माझा डोळा कशाला गेला? फुकट?" गॅरेजात नेऊन आठ दिवस उभं केलंस. रात्रभर चार्ज झालेली बॅटरी गॅस सोडते. बंद पेटीत तो साठतो. "गॅसचा वास आला तर काडी ओढशील? ह्याला तर वासपण नाय. आधी चार्जर बंद. झाकण सताड उघडं, दारं उघडी, हवा खेळू दे. आणि तरी शेवटचा चिमटा बॅटरीला लावायचाच नाय. ठिणगी शेवटच्या चिमट्यालाच उडते. ती लांब उडू दे, इंजिनच्या उघड्या लोखंडावर." मग तू त्या शेवटच्या काळ्या चिमट्याला पिवळी टेप गुंडाळलीस. "हा बॅटरीचा नाय. हा लोखंडाचा. विसरलीस तर मी आहेच आरडायला."

"आरडू नकोस," मी म्हटलं.

तू टेपचं टोक पुन्हा पुन्हा दाबत बसलास. मला वाटलं, गंमत चुकली.

मग गाडीत लावायला मी मोठा तक्ता लिहिला. माझं कारकुनी अक्षर, लाल-निळी शाई, एकोणीस कलमं. तू वाचून म्हणालास, "गाडी चालू करायची आहे की पारायण?" कापून कापून सात ओळी ठेवल्यास. वर स्वतःच्या हातानं आठवी लिहिलीस: 'आधी थांबा. कोणी ओरडलं तर आणखी थांबा.' मी भांडले, ही काय सूचना झाली? तू ती खोडू दिली नाहीस. तो तक्ता आजही गाडीत आहे. मयुरी ती ओळ वाचून हसते. मयुरी, आताची आपली ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षांची पोरगी, तुझ्या खोट्यामुळे तिच्या हातात चावी आली हे तिला माहीत नाही. आज कळेल.

माझी परीक्षा तीन वर्षांनी झाली. मे महिन्यातली दुपार. माझ्या सुनेला कळा सुरू झाल्या, नववा महिना पुरता संपलाही नव्हता. ड्रायव्हर गावी गेलेला. मी चावी घेऊन खाली आले, सेल्फ मारला. टक्. तीच टक्, सदा. तुला फोन केला. तू चिंचपोकळीहून धावत आलास, तोंड लाल झालेलं. बघितलंस आणि सांगितलंस, दोन बॅटऱ्यांना वेगळं ठेवणारा रिले चिकटलाय, मागच्या पंख्यानं मागची बॅटरी खाल्ली आणि मागचीनं पुढची. दोन्ही चुली विझल्या.

मी म्हटलं, "कर ना काहीतरी!"

तू दोन्ही हात पाठीमागे बांधलेस. "तू कर. मला त्या बाजूचं नीट दिसत नाय. घाईत माझा हात चुकेल."

कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला गाडी शेजारी आणून उभा राहिला. दोन्ही गाड्यांना एकमेकींचा स्पर्श नाही, हे मी आधी बघितलं. दोन्हींच्या चाव्या बंद. दिवे, पंखा, सगळं बंद. दारं उघडी. मागच्या बॅटरीचा कटऑफ फिरवून ती वेगळी काढली, नाहीतर टॅक्सीनं दिलेलं सगळं ती रिकामीच पिऊन टाकणार. लाल चिमटा आपल्या पुढच्या बॅटरीच्या प्लसला. दुसरा लाल टॅक्सीच्या प्लसला. काळा टॅक्सीच्या मायनसला. मी एकेक मोठ्यानं म्हणत होते, देवळात म्हणतात तसं. सून गाडीत कण्हत होती, आणि वरच्या गॅलऱ्यांतून पन्नास माणसं सूचना करत होती. "अहो काकू, लवकर!" "अगं, उलटं लावतेयस!" "धक्का मारूया का?" माझ्या हातात पिवळ्या टेपचा चिमटा होता.

तू ओरडला नाहीस. एक शब्द नाही. मी तुझ्याकडे बघितलं. तुझे ओठ घट्ट मिटलेले होते.

मी थांबले. सबंध चाळ ओरडत होती, आणि मी थांबले. एक श्वास घेतला. मग बॉनेटखाली, बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला तो चिमटा लावला. मुंगीएवढी ठिणगी उडाली. बस. टॅक्सी चालू करून पाच मिनिटं धरली, माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं, आणि मग आपली गाडी खाकरून उठली. चिमटे लावले त्याच्या उलट्या क्रमानं काढले, पिवळा पहिला.

गाडी मी चालवली. तू शेजारी बसलास. "डावीकडचं मला विचारू नको, मला तिकडे दिसत नाय," एवढंच म्हणालास, आणि सायरन चालू केलास. त्या दिवशी माझी नात जन्मली. तू तिचं नाव 'बॅटरी' ठेवलंस. अकरा वर्षांची झाली तरी जिन्यात दिसली की, "काय गो बॅटरी, चार्ज आसस मां?" परवा ती तुझ्या दाराशी उभी होती, कुणी तसं विचारलं नाही म्हणून तशीच परत वर आली.

आपलं भांडण राहून गेलं, सदा. दरवर्षी मंडळाच्या सभेच्या आधी मी म्हणायची, "यंदा सांगते." तू म्हणायचास, "यंदा नको." आधी कारण अण्णांचं होतं. मग दोन बायका समितीत आल्या, मग मयुरी आली, कारण उरलं नाही. तरी तू नको म्हणायचास. गेल्या दिवाळीत मी चिडले. म्हटलं, "तुला काय हुतात्मा व्हायचंय? माझ्या चुकीवर तुझा हक्क काय?" तू फराळाच्या ताटातली चकली मोडत बसलास. मग म्हणालास, "मी आरडलो नसतो तर तू घाई केली नसतीस. हळू हाक मारली असती तर तू वळून बघितलं असतंस. मी खोटं नाय बोललो, वयनी. माझ्या हातून झालंच."

मला तेव्हा कुठे कळलं की ती आठवी ओळ तू माझ्यासाठी नव्हती लिहिलीस. चौदा वर्षं आपण दोघं एकाच चुकीचे दोन मालक होतो आणि एकमेकांना वाटा देत नव्हतो. मी म्हणायला हवं होतं की तू ओरडलास म्हणून माझे दोन्ही डोळे आहेत. ओरडत उडी मारलीस म्हणून. पण मी काय म्हटलं? "चकली सांडू नकोस." इतकी हुशार मी. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू.

पुढची खेप आली नाही. पुढच्या सभेच्या आधीच एका संध्याकाळी तू चहा ओतता ओतता खाली बसलास. मयुरी दोन मिनिटांत दारात होती. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या, मागचे दिवे लख्ख, सगळं जागच्या जागी, तू शिकवलं होतंस तसं. काही उपयोग झाला नाही. मी तुझ्या पायाशी बसले होते आणि तक्त्यावरची तुझी ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. आधी थांबा. तुला म्हणत होते मी, सदा, जरा थांब.

शोकसभेत अण्णा बोलले. प्रेमानं बोलले, थकलेत आता. म्हणाले, "एवढा उस्ताद माणूस, पण बेसावधपणा एकदाच झाला आणि डोळा गमावला. म्हणून तरुणांनी काळजी घ्यावी." सगळ्यांनी माना हलवल्या. प्रमिलानंही हलवली. नंतर माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर उभी राहिले. आणि काय बोलले? मनमिळाऊ. हसतमुख. अडल्यानडल्याला धावणारा. खाली उतरले तेव्हा लोक म्हणाले, छान बोललात. सत्तर वर्षांची झाले, पण दुधाची पिशवी घेऊन बाजूला उभी राहणारी ती बाई अजून माझ्यात जिवंत आहे.

तेरावा झाल्यावर परवा सकाळी मी तुमच्या खोलीत गेले. हातात ती साडी होती. त्या दिवशी नेसलेली, फिकट जांभळी. अंगावर असताना धड होती. दोन दिवसांनी धुतली तेव्हा तिला भोकं पडली, मोहरीएवढी, पदरापासून निऱ्यांपर्यंत. अॅसिड असंच करतं, आधी दिसत नाही. ती मी टाकली नाही आणि कुणाला दाखवलीही नाही. तुलासुद्धा नाही.

प्रमिला तांदूळ निवडत होती. मी साडी तिच्या पुढ्यात पसरली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. रेडिओ, चावी, पंखा, चिमटा. तू मला ढकललंस ते. तू माझ्या मुठीतून केबल काढून घेतलीस ते. टॅक्सीत तू माझ्या कानात काय म्हणालास ते. सांगताना मी रडले नाही, तेवढा हक्क आपला नाही असं वाटलं. शेवटी म्हटलं, "अंकात लिहिणार आहे. पण आधी तुला सांगायला हवं होतं. चौदा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

तिनं साडीचा पदर मांडीवर घेतला. एका भोकात करंगळी घातली, काढली, दुसऱ्या भोकात घातली. ताटातला तांदूळ तसाच राहिला. बाहेर आठ वाजले, मयुरीनं हुंकार दिला. प्रमिलानं दाराकडे बघितलं, तू कपडे घेऊन जिथे उभा राहायचास तिकडे. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढेल, आणि काढावंच.

ती म्हणाली, "लिहा, ताई. पण तुमचं एकटीचं नका लिहू. चहा सांडला की मी ह्यांना काय बोलायचे, तेही लिहा."